जुनी एअरगन लगेच उघडू नकोस

अरे, प्रेशर गेलं म्हणून घाबरू नको, बऱ्याचदा आतला चामडी वायसर नुसता वाळून आक्रसलेला असतो. गन रिकामी आहे ना बघ, दस्ता खाली ठेवून उभी कर, बॅरल सांध्यापाशी जरासं वाकवून उघड (कॉक करू नको हां, म्हणजे स्प्रिंग ताणून अडकेल इतकं वाकवू नको), हवेच्या भोकात नीट्सफूट ऑइलचे (चामडं मऊ ठेवणारं तेल) 4-5 थेंब सोड आणि रात्रभर तशीच राहू दे, चामडं तेल सावकाश पितं.

नवीन माणूस हमखास चुकतो ते इथे:

- भसाभस तेल ओतणं. जास्त तेल आत पेटतं, धूर येतो, धाडकन आवाज होतो, स्प्रिंगही तुटू शकते.
- छर्रा न घालता ट्रिगर दाबणं.
- दाबातली स्प्रिंग नुसत्या हातांनी सोडवणं. स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं साधन) नसेल तर उघडूच नकोस, प्लीज.

पहिले काही शॉट धूर दिसेल, चालतं, मग हळूहळू दम परत येतो बघ.