शेत ते यवतमाळ रोजची ये-जा आहे, जुनी पिकअप घेऊ का?

भाऊ, कापूस, खत, ढेप रोज न्यायची असेल तर जरूर घ्या. नुसतं एकट्याने फिरायला नको. रिकामी पिकअप खड्ड्यांत फार उडते, पाठ धरते.

गाडी पाहायला सकाळी, इंजिन थंड असताना जा. थंड इंजिनचा त्रास लपवायला आधीच तापवून ठेवली असेल तर न घेता माघारी या. मग खाली वाकून चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, बघा. वेल्डिंगचा जोड किंवा स्प्रिंगमध्ये जादा घातलेला पाटा दिसला तर गाडीने ओव्हरलोड ओढलाय. माझ्या गाडीचा जोड रंगाखाली झाकला होता, दुसऱ्याच हंगामात चेसिस तडकली.

८ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचं आरटीओचं सर्टिफिकेट, दरवर्षी लागतं. कर्जाचा बोजा असेल तर फायनान्स कंपनीची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा सही केलेला फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.