मडेरा पिंपातली वेल्श व्हिस्की

प्रश्न : वेल्समधील पेन्डेरिन या सिंगल माल्टच्या, म्हणजे एकाच भट्टीत मोड आणलेल्या जवापासून केलेल्या व्हिस्कीच्या, बाटलीवर ‘मडेरा फिनिश’ असे छापलेले आहे. याचा अर्थ तीत वाइन मिसळलेली असते असा घ्यायचा का? चाखताना मला गोडसर मनुकांचा भास झाला, पण तो बाटलीवरचे शब्द आधी वाचल्यामुळे झाला असावा अशी शंका येते. ही व्हिस्की नीट कशी चाखावी?

उत्तर : वाइन मिसळलेली नसते आणि साखरही नसते. व्हिस्कीला गोड करण्यास किंवा तीत स्वाद घालण्यास ब्रिटनमधील नियमांची मुभा नाही. जे काही येते ते लाकडातून येते. ही व्हिस्की आधी अमेरिकेत बर्बन (मुख्यतः मक्याची व्हिस्की) मुरवून रिकाम्या झालेल्या ओकच्या पिंपांत मुरते आणि अखेरच्या टप्प्यात मडेरा वाइनच्या पिंपांत हलवली जाते; यालाच ‘फिनिश’ म्हणतात. वाइन ओतून घेतली तरी फळ्यांच्या आत शोषलेला तिचा अंश तिथेच राहतो आणि नव्याने भरलेल्या व्हिस्कीत हळूहळू उतरतो. ‘मडेरा’ ऐकून आपल्याला मदिरा आठवते, पण ते पोर्तुगालच्या अखत्यारीतील बेटाचे नाव आहे आणि पोर्तुगीजमध्ये त्या शब्दाचा अर्थ ‘लाकूड’ असा होतो. या प्रश्नाच्या संदर्भात तोच अर्थ अधिक उपयोगी पडतो.

मडेराच का शोभली, याचे उत्तर भट्टीत आहे. ब्रेकन बीकन्सच्या डोंगराळ भागातील पेन्डेरिन गावात या व्हिस्कीसाठी डेव्हिड फॅरडे यांनी आखलेले एकच तांब्याचे भांडे आणि त्याला जोडलेला उंच स्तंभ वापरला गेला. स्कॉटलंडमध्ये दोनदा ऊर्ध्वपातन करून साधारण 70 टक्के अल्कोहोलचा अर्क मिळतो, तर इथे तो सुमारे 92 टक्क्यांपर्यंत जातो. इतका तीव्र अर्क अंगाने हलका असतो, जड आणि तेलकट घटक त्यात फारसे उरत नाहीत, म्हणून लाकडाचा स्वभाव त्यावर चटकन उमटतो. पिंपांच्या निवडीत सल्लागार जिम स्वान यांचा मोठा वाटा होता. 1 मार्च 2004 रोजी, म्हणजे वेल्सच्या सेंट डेव्हिड दिनी, ही व्हिस्की बाजारात आली. पुढे तिथे पारंपरिक धाटणीच्या भट्ट्यांची जोडीही बसवण्यात आली.

आता तुमच्या शंकेविषयी. मनुका हा भास नसावा, कारण मडेरा ही मुद्दाम उष्णतेत जोपासलेली वाइन असल्याने सुकवलेल्या फळांचा, भाजलेल्या साखरेचा आणि किंचित आंबटपणाचा तिचा ठसा असतो. तरीही शब्द वाचून नाक फसते, हे माझ्याही बाबतीत घडते. त्यामुळे पहिल्या वेळी बाटली दुसऱ्याला ओतायला सांगावी आणि काय ओतले ते विचारू नये. ग्लास खालून फुगीर आणि तोंडाशी निमुळता असावा. नाक एकदम आत न घालता तोंड किंचित उघडे ठेवून वास घ्यावा. व्हॅनिला आणि मलईसारखा गोडवा आधी आला, तर ते बर्बनच्या पिंपाचे श्रेय आहे. त्यामागून मनुका आणि संत्र्याच्या सालीसारखे काही येऊ लागले, तर ती मडेरा. घोट जिभेवर थोडा रेंगाळू द्यावा. गिळल्यावर उरणारा तुरटपणा ओकचा असतो, आणि माझ्या मते फिनिश जमले की नाही याचा निवाडा तिथेच होतो : गोडवा ओसरला की लगेच कोरडे लाकूड तेवढे उरत असेल, तर पिंपाने अर्काला दाबले असे समजावे.

पाण्याविषयी संकोच नको. 46 टक्के अल्कोहोल नाकाला झोंबते आणि त्याखाली फळे लपतात. पहिला घोट तसाच घ्यावा, मग चमच्याने थेंब थेंब पाणी घालत वास पाहत जावे. 2017 साली स्वीडनमधील दोन संशोधकांनी संगणकीय प्रतिकृती वापरून असे दाखवले की, पाण्याने अल्कोहोलचे प्रमाण उतरले की ग्वायाकॉलसारखा सुगंधी रेणू द्रवाच्या पृष्ठभागाकडे सरकतो. बर्फ मात्र टाळावा; थंडीने वास मिटतो, आणि या व्हिस्कीत वासच मुख्य आहे.

पिऊन झाल्यावर ग्लास न धुता रात्रभर तसाच ठेवून सकाळी हुंगून पाहा. अल्कोहोल उडून गेलेले असते, आणि काचेला चिकटून राहिलेला जो वास येतो तो बहुतांशी पिंपाचाच असतो.