एका वर्गात दोन इंग्रजी शिक्षक: वाचकांचे प्रश्न

जपानच्या सरकारी शाळांत १९८७ पासून ‘जेट’ योजनेतून परदेशी सहायक इंग्रजी शिक्षक नेमले जातात. आता खासगी कंपन्यांमार्फतही बरेच जण जातात. सहायकाला तिथे एएलटी म्हणतात आणि स्थानिक इंग्रजी शिक्षकाला जेटीई. तिथे शिकवणाऱ्या आणि जायच्या तयारीत असलेल्या मराठी वाचकांचे काही प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न: ऑगस्टअखेर एका माध्यमिक शाळेत (सातवी ते नववी) रुजू होणार आहे. आधीची एएलटी म्हणते, ‘धडा मोठ्याने वाचायचा आणि कोपऱ्यात उभं राहायचं, एवढंच काम असतं.’ ५० मिनिटांच्या तासात दोघांनी कामं वाटायची तरी कशी?

त्या एएलटीची तक्रार खरी आहे आणि जुनीही आहे. पण अर्धा तास तुमचा, अर्धा त्यांचा, हा त्यावरचा उपाय नव्हे. तसं केलं की एक जण शिकवतो आणि दुसरा घड्याळ बघतो. प्रत्येक टप्प्यात दोघांनाही काम हवं.

‘हॅव यू एव्हर बीन टु...?’ हा धडा घेऊ. पहिली ५ मिनिटं दोघांनी एकमेकांशी बोला. ‘हॅव यू एव्हर बीन टु होक्काइदो?’ असं तुम्ही विचारा, त्यांनी उत्तर द्यावं आणि उलट विचारावं. चार-पाच वाक्यं पुरेत. मग मुलांना विचारायचं, कोण कुठे जाऊन आलंय? दोन शिक्षक असल्याचा सगळ्यात मोठा फायदा इथेच मिळतो. एकट्या शिक्षकाला खरा संवाद करून दाखवता येत नाही.

पुढची १० मिनिटं व्याकरणाची. नियम जेटीईने जपानीत सांगावा. यात कमीपणा काही नाही. जिथे मूल अडखळतं तिथे त्याची भाषाच उपयोगी पडते. तेवढ्या वेळात तुम्ही बाकांमधून फिरा आणि वह्या बघा. ‘बीन’ऐवजी ‘गो’ किती जणांनी लिहिलंय हे स्पष्टीकरण संपायच्या आत जेटीईच्या कानावर घातलंत, तर ती चूक लगेच फळ्यावर घेता येते.

मग २० मिनिटं सराव. बाकांच्या सहा रांगा असतील तर खिडकीकडच्या तीन तुम्ही घ्या, दाराकडच्या तीन जेटीईने. दहा मिनिटांनी अदलाबदल. ही वाटणी आधी ठरली नसली की दोघेही हुशार मुलांच्या बाकाशी थांबतात आणि मागची मुलं तशीच राहतात. उरलेल्या वेळात प्रत्येकाने तीन वाक्यं लिहायची. ती जमा करून तुम्ही तपासा, पण लाल शाईने सगळं भरून टाकू नका. त्या दिवशी शिकवलेल्या रचनेचीच चूक दुरुस्त करा.

तास बिघडतो तो बहुतेकदा एकाच कारणाने: तुम्ही इंग्रजीत सूचना देता आणि जेटीई लगेच तिचं जपानी करतात. दोन आठवड्यांत मुलं तुमच्याकडे कान देणं सोडतात, कारण जपानी येणारच असतं. यावर असं ठरवा: तुम्ही सूचना दोनदा सांगायची, आणि जेटीईने भाषांतर न करता विद्यार्थी बनून ती कृती तुमच्याबरोबर करून दाखवायची. मग एका जोडीला उभं करून करायला लावायचं. तरीही गोंधळ राहिला तरच जपानीत सांगायचं, तेही एका वाक्यात.

प्रश्न: आठवड्याला चार शाळांत जातो. जेटीई तासाच्या आधी दोन मिनिटं भेटतात आणि म्हणतात, ‘आज एखादा खेळ घ्या.’ नियोजन करायचं कधी?

बैठकीसाठी वेळ मागितलात तर तो मिळणार नाही, कारण जेटीईकडे इंग्रजीखेरीज वर्गाची जबाबदारी आणि शाळेनंतरचे क्लब असतात. म्हणून कागद मागा. अर्ध्या पानाचा एक छापील नमुना करा: पुस्तकाचं पान, आजचं मुख्य वाक्य, प्रत्येक टप्प्याची मिनिटं, कोण बोलणार, साहित्य काय लागणार. पहिल्या दोन ओळी जेटीईने भरायच्या, बाकी तुम्ही. आदल्या भेटीतच तो त्यांच्या टेबलावर ठेवा. मुलांना वाटायच्या कागदाच्या झेरॉक्स पटसंख्येपेक्षा दोन जास्त काढा. एक जेटीईसाठी, एक फळ्यावर लावायला.

खेळ मागितला की आधी विचारा, ‘मुलांच्या तोंडी कोणतं वाक्य यायला हवं?’ त्या वाक्याशिवायही जिंकता येतो असा खेळ असेल तर घेऊ नका. मुलं जिंकतात आणि पूर्ण वेळ जपानीत ओरडतात.

एक गोष्ट मात्र नक्की तपासा: तुमचा करार कोणत्या प्रकारचा आहे. जेटमधून किंवा नगराच्या शिक्षण मंडळाने थेट नेमलं असेल, किंवा कंपनीने ‘हाकेन’ पद्धतीने, म्हणजे शाळेच्या हाताखाली काम करायला, पाठवलं असेल, तर शाळा तुम्हाला थेट सूचना देऊ शकते. कंपनीने संपूर्ण कामाचं कंत्राट, म्हणजे ‘उकेओई’, घेतलं असेल तर कायद्याने जेटीईला तुम्हाला परस्पर सूचना देता येत नाहीत. त्या कंपनीमार्फत याव्या लागतात. अशा करारात दोघांनी मिळून तास घेणं कायम अडचणीचं ठरतं. जेटीई तुमच्याशी ठरवायला कचरत असतील तर कारण स्वभावात न शोधता करारात शोधा.

प्रश्न: प्राथमिक शाळेत वर्गशिक्षिका म्हणतात, ‘मला इंग्रजी येत नाही, तुम्हीच सगळं घ्या.’ घ्यावं का?

सगळं घेऊ नये. २०२० पासून जपानमध्ये तिसरी-चौथीला वर्षाला ३५ तास परकीय भाषेचे उपक्रम असतात, आणि पाचवी-सहावीला ७० तासांचा पूर्ण विषय, गुणांसकट. एएलटीला शिक्षक परवान्याची अट नसते, म्हणून तासाची जबाबदारी परवानाधारक शिक्षकाकडेच राहते. शिस्त, आजारी मूल, दोन मुलांमधलं भांडण, कोणाला फळ्यापाशी बोलवायचं नाही याची जाण, हे सगळं वर्गशिक्षिकेचं काम. त्या वर्गाबाहेर गेल्या किंवा मागे बसून वह्या तपासू लागल्या, तर दहा मिनिटांत वर्ग तुमच्या हातून जातो.

त्यांना उत्तम इंग्रजी बोलायची गरजच नाही. शिकणारी मोठी व्यक्ती म्हणून त्यांनी मुलांसमोर उभं राहावं: तुम्ही विचारा, त्या चाचरत उत्तर देतील, आणि चुकत बोललं तरी चालतं हे मुलांना दिसेल. ४५ मिनिटांच्या तासाची सुरुवात आणि शेवट त्यांच्याकडे द्या, नवे शब्द आणि ऐकण्याचा भाग तुम्ही घ्या. त्यांचा उच्चार चुकला तर मुलांसमोर दुरुस्त करू नका. तोच शब्द तुमच्या पुढच्या वाक्यात नीट वापरा, एवढं पुरे.

प्रश्न: माझं इंग्रजी भारतीय वळणाचं आहे. अमेरिकी उच्चार नाहीत म्हणून जेटीई वाचनाला रेकॉर्डिंग लावतात. वाईट वाटतं.

वाईट वाटणं साहजिक आहे, पण वाचनाला रेकॉर्डिंग लावू द्या. मुलांना उत्तर देणं, पुन्हा विचारणं, न कळल्याचं सांगणं हे त्या रेकॉर्डिंगला जमत नाही. तो वेळ तुम्ही मागून घ्या. एका ठिकाणी मात्र स्वतःवर मेहनत घ्या. आपण ‘वेस्ट’ म्हणताना पश्चिम दिशा आणि बंडी यांतला फरक बहुधा करत नाही. जपानी मुलं त्यातल्या बंडीचा ‘बेस्ट’ करतात. बंडीचा उच्चार खालचा ओठ वरच्या दातांना टेकवून करा आणि मुलांना तोंडाकडे बघायला सांगा.

अजून व्हिसा मिळवायचा असलेल्या वाचकांसाठी: जपानी शाळेत परकीय भाषा शिकवायच्या ‘प्रशिक्षक’ व्हिसाला त्या भाषेच्या माध्यमातून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं असावं लागतं. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी अर्ज करण्याआधीच हे बघावं.

प्रश्न: ३५ मुलांची तोंडी परीक्षा एका तासात कशी घ्यायची? आणि गुण कोणी द्यायचे?

प्रत्येकी दीड मिनिट धरलंत तर साडेबावन्न मिनिटं होतात आणि तास संपतो. म्हणून ४५ सेकंद बोलणं आणि १५ सेकंद अदलाबदल ठेवा, ३५ मिनिटांत होतं. पुढच्या दोघांना दाराबाहेर खुर्चीवर आधीच बसवा, नाहीतर सगळा वेळ जाण्यायेण्यात जातो. परीक्षा तुम्ही शेजारच्या रिकाम्या खोलीत घ्या. थंडीत पडवी टाळा. वर्गात जेटीई राहतील आणि बाकीच्यांना लेखी काम देतील.

तीनच निकष ठेवा: अर्थ पोचला का, आजची रचना वापरली का, विचारल्यावर पुढे बोलता आलं का. प्रत्येक निकषाला ० ते ३ गुण. पहिल्या पाच मुलांचं बोलणं टॅबलेटवर रेकॉर्ड करा. त्यांना दोघांनी स्वतंत्रपणे गुण द्यायचे आणि जुळवून बघायचे. एकाच मुलाच्या एकूण गुणांत दोनपेक्षा जास्त फरक पडला तर निकषांची भाषा बदला आणि मगच बाकीच्यांचे गुण लिहा. प्रगतिपुस्तकातली श्रेणी जेटीईच देतात. तुमचे आकडे त्यांच्या हातात त्याच दिवशी पडायला हवेत, कारण पुढच्या आठवड्यात तुम्ही दुसऱ्या शाळेत असाल.