आयपी अॅड्रेसवरून कोणी माझ्या घरापर्यंत पोहोचू शकतं का?

तुम्ही विचारलंय की ऑनलाइन गेममध्ये वाद झाल्यावर समोरच्याने चॅटमध्ये तुमचा आयपी अॅड्रेस टाकला, खाली 'पुणे' लिहिलं आणि 'आता घर शोधतो' अशी धमकी दिली. हे खरंच शक्य आहे का, आणि त्या आकड्यावरून तुमच्याबद्दल नेमकं काय कळतं?

नुसत्या त्या आकड्यावरून तो तुमच्या दारात येऊ शकत नाही. त्याला फार तर तुमची इंटरनेट कंपनी आणि अंदाजे शहर कळलंय. नाव, मोबाईल नंबर, फ्लॅट नंबर यातलं काहीही आयपीमध्ये लिहिलेलं नसतं. मी एका ब्रॉडबँड कंपनीच्या नेटवर्क विभागात काम करतो. आकडा आणि ग्राहक यांची जोडी ज्या नोंदींत असते, त्यांच्याशी माझा रोजचा संबंध येतो. त्यामुळे या धमकीत किती दम आहे ते नीट सांगता येईल.

तुम्ही एखादी वेबसाइट उघडता तेव्हा तिथून येणारं उत्तर कुठे पाठवायचं हे तिला कळावं लागतं. त्यासाठी तुमच्या जोडणीला दिलेला आकडा म्हणजे आयपी अॅड्रेस. तो लपवून इंटरनेट वापरताच येत नाही, फार तर तुमच्याऐवजी दुसऱ्या कुणाचा पुढे करता येतो. इनकॉग्निटो मोडचा याच्याशी काही संबंध नाही. त्याने फक्त तुमच्या ब्राउझरमधली हिस्ट्री राहत नाही, आयपी समोरच्याला दिसतोच.

आता एक करून बघा. घरच्या वाय-फायवर असताना फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये त्या जोडणीचा तपशील उघडा. बहुतेक वेळा १९२.१६८.१.५ असं काहीतरी दिसेल. हा आकडा तुमच्या घरापुरता आहे, हुबेहूब हाच आकडा देशभरात लाखो घरांत असतो. आता गुगलवर 'what is my ip' शोधून येणारी एखादी साइट उघडा, तिथे वेगळाच आकडा येईल. जगाला दिसतो तो हा दुसरा. तिसरा आकडा राउटरच्या सेटिंगच्या पानावर, वॅन किंवा इंटरनेट स्टेटस या भागात असतो. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर जगाला दिसणारा आयपी तुमच्या एकट्याचा नाहीच. कंपनी तो एकाच वेळी अनेक ग्राहकांना वाटून देते आहे.

असं का करावं लागतं? १९८१ साली ठरलेल्या जुन्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही ४ मध्ये, एकूण सुमारे ४३० कोटीच आकडे बसतात. जागतिक साठ्यातले शेवटचे गट फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून झाले आणि आशिया-पॅसिफिकच्या वाट्याला आलेला साठा त्याच एप्रिलमध्ये आटला. मोबाईल इंटरनेट आपल्याकडे गावोगाव पोहोचलं ते त्यानंतर. मग कंपन्यांनी एकेका आयपीमागे कित्येक ग्राहक बसवले. मोठ्या सोसायटीच्या गेटचा पत्ता एकच आणि आत दोनशे फ्लॅट, असा हा प्रकार आहे. तुमच्या त्या गेमवाल्याला दिसलंच असेल तर गेट दिसलंय.

त्याने 'पुणे' कुठून आणलं, तर आयपीवरून ठिकाण सांगणाऱ्या साइटवरून. या साइट उपग्रहावरून बघत नाहीत. कोणता आयपी-गट कोणत्या कंपनीच्या नावावर आहे, ती कंपनी तो कुठे वापरते, अशा माहितीवरून बांधलेला तो अंदाज असतो. देश सहसा बरोबर येतो, शहराचा भरवसा नाही आणि गल्लीचा तर प्रश्नच नाही. मोबाईल डेटावर तर रत्नागिरीत बसलेला माणूस खुशाल मुंबईत दाखवतात, कारण त्याचा डेटा कंपनीच्या मुंबईतल्या यंत्रणेतून बाहेर पडतो.

या अंदाजाला लोक पत्ता समजू लागले की काय होतं, ते अमेरिकेत दिसलं. मॅक्समाइंड नावाची कंपनी अशी यादी विकते. ज्या आयपीबद्दल 'अमेरिकेत आहे' यापलीकडे काही माहीत नव्हतं, त्यांना तिने देशाच्या साधारण मध्यावरचा एक बिंदू लावून दिला. तो नेमका कॅन्सस राज्यातल्या एका शेतावर पडला. असे ६० कोटींहून जास्त आयपी त्या एका शेतावर जमा झाले. मग पळून गेलेली मुलं शोधत पोलीस तिथे यायला लागले, केंद्रीय तपास अधिकारी आले, फसवणुकीचे आरोप झाले. वर्षानुवर्षं त्या घरातल्या माणसांना कारणच कळत नव्हतं. २०१६ मध्ये एका बातमीतून उलगडा झाला आणि कंपनीने तो बिंदू उचलून एका तलावात नेऊन ठेवला.

आकड्यावरून माणसापर्यंत जायचा रस्ता इंटरनेट कंपनीकडच्या नोंदींतून जातो. आमच्याकडे एकेक ओळ साधारण अशी दिसते: तारीख, सेकंदापर्यंत वेळ, ग्राहकाला दिलेला आतला आकडा १००.६४.१८.९, बाहेर दिसलेला २०३.०.११३.४५, पोर्ट ५१२३४. यातलं पोर्ट, म्हणजे एकाच आयपीमागच्या प्रत्येक जोडणीला दिलेला वेगळा क्रमांक, फार महत्त्वाचं. एकाच आयपीमागे एकाच सेकंदाला शेकडो लोक असतात, त्यातला नेमका कोण हे पोर्टशिवाय वेगळं काढता येत नाही. सरकारी परवान्याच्या अटींप्रमाणे अशा नोंदी किमान २ वर्षं ठेवाव्या लागतात, आणि पोलिसांनी रीतसर लेखी मागितल्यावरच त्यातलं नाव बाहेर जातं. गेममधल्या भांडखोराला ते कुणी देत नाही.

आणि ही जोडी चुकली तर? ऑगस्ट २००७ मध्ये पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका तरुण इंजिनिअरला अटक केली. ऑर्कुट या तेव्हाच्या सोशल मीडिया साइटवर छत्रपती शिवाजी महाराजांबद्दल आक्षेपार्ह मजकूर टाकल्याचा आरोप होता आणि पुरावा होता एक आयपी. इंटरनेट कंपनीने त्या आयपीचा ग्राहक म्हणून चुकीचं नाव दिलं होतं. काहीही न केलेला तो मुलगा सुमारे ५० दिवस येरवडा तुरुंगात राहिला. आमच्या कामात हे प्रकरण मला कायम डोळ्यासमोर ठेवावंसं वाटतं. अनेक वेबसाइट वेळ नोंदवतात ती ग्रीनिचची, आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. एवढा फरक कुणी विसरला, तरी ओळ दुसऱ्याच घराची निघते. आणि ओळ अगदी बरोबर निघाली, तरी ती जोडणी कोणाच्या नावावर आहे एवढंच सांगते. त्या क्षणी फोन बापाच्या हातात होता, भाडेकरूच्या की वाय-फायचा पासवर्ड मागून घेतलेल्या पाहुण्याच्या, हे आयपी सांगत नाही. आयपी मिळाला म्हणजे गुन्हेगार मिळाला, असं कुणी म्हणालं की मला भीती वाटते.

मग आयपीने काहीच उघड होत नाही का? होतं, पण ते एकट्या आयपीने नाही. तुम्ही ज्या साइटवर लॉगिन करता, तिला तुमचं नाव आधीच माहीत असतं. त्याच्या शेजारी रोजचे आयपी मांडले की सकाळी घरी, दुपारी ऑफिसात, शनिवार-रविवार गावी, हा सगळा दिनक्रम तिथे दिसतो. नव्या आयपीव्ही ६ पद्धतीत आकड्यांचा तुटवडा नाही, त्यामुळे प्रत्येक फोनला स्वतंत्र आकडा मिळतो. २०१६ मध्ये जिओ आल्यापासून आपल्याकडे ही पद्धत झपाट्याने पसरली. त्यात आकड्याची शेपटी फोन अधूनमधून बदलत राहतो, पण पुढचा अर्धा भाग तुमच्या जोडणीचा असतो, आणि घरच्या ब्रॉडबँडवर तो बरेच दिवस टिकू शकतो.

एका बाबतीत मात्र खरंच जपायला हवं. दुकानातला सीसीटीव्ही घरून बघता यावा म्हणून अनेक जण स्टॅटिक आयपी, म्हणजे कधी न बदलणारा स्वतःचा आयपी, विकत घेतात आणि डीव्हीआरचा (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या डब्याचा) पासवर्ड कंपनीने दिलेलाच ठेवतात. असा आयपी जगातून कुणालाही थेट गाठता येतो. कॅमेरा उघडा पडतो तो अशा वेळी. तुमच्याकडे असं काही असेल तर आजच पासवर्ड बदला.

गेमवाला जास्तीत जास्त तुमच्या आयपीवर खोट्या ट्रॅफिकचा मारा करून नेट मंद किंवा बंद पाडू शकतो. तसं झालं तर राउटर काही मिनिटं बंद ठेवून चालू करा, स्टॅटिक नसेल तर बहुधा नवा आयपी मिळेल. नाही मिळाला तर कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून बदलून मागा.

त्याला तो मिळाला कसा, हेही तपासा. त्याने पाठवलेली एखादी लिंक उघडली होती का? त्याच्याशी व्हॉट्सअॅपवर बोलला होता का? तिथले दोघांतले कॉल अनेकदा थेट एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जातात आणि त्यात आयपी समोर जातो. नोव्हेंबर २०२३ पासून सेटिंग्ज, प्रायव्हसी, अॅडव्हान्स्ड इथे कॉलमध्ये आयपी सुरक्षित ठेवण्याचा पर्याय आलाय, तो चालू करा. आवाजाच्या दर्जात थोडा फरक पडतो, चालतो. व्हीपीएन, म्हणजे तुमच्याऐवजी स्वतःचा आयपी पुढे करणारी सेवा, घ्यायचं असेल तर घ्या, पण मग तुमचा खरा आयपी त्या व्हीपीएन कंपनीला दिसणार, हे धरूनच घ्या.

त्याहून मोठा धोका म्हणजे तुम्हीच टाकलेली माहिती. गेममधलं नाव आणि इन्स्टाग्रामचं नाव एकच असेल, प्रोफाइलवर कॉलेज असेल, बाल्कनीतून काढलेला फोटो असेल, तर त्याला आयपीची गरजच नाही. आधी ते झाका.

धमकी पुन्हा आली तर उत्तर देऊ नका आणि चॅट पुसूही नका. स्क्रीनशॉट घ्या, ब्लॉक करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. तक्रारीत त्याचं गेममधलं नाव, आयडी, तारीख आणि वेळ मिनिटापर्यंत लिहा, सकाळची की रात्रीची तेही स्पष्ट लिहा, कारण उद्या पोलिसांना कंपनीच्या नोंदींत त्याची ओळ शोधायची झाली तर त्याच वेळेवरून शोधावी लागेल.