‘सगळं वाचून झालं की लिहीन’

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची मुलं दिवाळीनंतर माझ्याकडे यायला लागतात. रडगाणं बहुतेकांचं एकच. ‘संशोधन प्रकल्प घेतलाय, वाचतोय भरपूर, पण कागदावर काही उतरत नाही. वर्गातल्या बाकीच्यांना जमतं, माझीच कुवत नाही.’ त्यातलीच ही एक मुलगी. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावातून पुण्यात आलेली, वडिलांचं कृषी सेवा केंद्र. बी.ए.ला कॉलेजात पहिली. एम.ए.ला इतिहास, आणि प्रकल्पाचा विषय ‘1897 चा पुण्यातला प्लेग आणि मराठी वृत्तपत्रे’. आल्या आल्या म्हणाली, “मॅडम, मला सोडून द्यायचंय. फक्त बाबांना काय सांगायचं तेवढं सांगा.”

पहिल्या भेटीत मी अभ्यासाचं काढतच नाही. झोप लागते का, मेसचं जेवण जातं का, मैत्रिणींशी बोलणं आहे का, एवढंच विचारते. ती उशिरा झोपायची, पण झोपायची. रविवारी तुळशीबागेत जाऊन कानातली घेऊन यायची. दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, जगणंच नकोसं वाटतंय, असं असतं तर मी प्रकल्प बाजूला ठेवून तिला आधी डॉक्टरांकडे पाठवलं असतं. (असं कुणाचं होत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.) हिचं तसं नव्हतं. ही अडकली होती.

कुठे अडकली ते तिच्या मोबाइलमध्ये दिसलं. जुन्या अंकांच्या पानांचे फोटो, स्क्रोल करत राहावं तरी संपेनात. बऱ्याच फोटोंच्या कोपऱ्यात तिचा अंगठा आलेला. फोल्डरचं नाव ‘नंतर बघू’. रोज सकाळी ग्रंथालयात जायचं, संध्याकाळपर्यंत फोटो काढायचे, रात्री दमून झोपायचं. दिवसभर कष्ट झाल्याचं समाधान मिळायचं आणि लिहिणं आणखी एक दिवस टळायचं. हुशार, कष्टाळू मुलंच या खड्ड्यात जास्त पडतात. आळशी मुलगा शेवटच्या आठवड्यात काहीतरी खरडून मोकळा होतो.

यात सगळा दोष मुलांचा नाही. पूर्वी एम.ए. आणि पीएच.डी.च्या मध्ये एम.फिल. होतं. लहानसा प्रबंध लिहून हात बसायचा. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नव्या नियमावलीने ते बंद झालं. आता महाराष्ट्रातल्या नव्या रचनेत एम.ए.च्या तिसऱ्या सत्राला 4 आणि चौथ्याला 6 क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो. बी.ए.पर्यंत गाइड आणि नोट्सवर पेपर लिहिलेल्या एकवीस-बावीस वर्षांच्या मुलाला अचानक सांगितलं जातं, ‘तुझा प्रश्न तूच शोध.’ प्रश्न शोधायचा कसा, हे त्याला तोवर कुणी शिकवलेलंच नसतं.

मी तिला म्हटलं, “अगं, फोटो राहू देत. तुला नेमकं कळून काय घ्यायचंय?” ती प्लेग समितीपासून 22 जूनला प्लेग अधिकारी रँडवर झाडलेल्या गोळ्यांपर्यंत सगळं सांगत सुटली. पाठ होतं. मग मध्येच म्हणाली, “सोल्जर घरात घुसून तपासणी करायचे ना, तेव्हा लोकांनी पेपरला पत्रं लिहिलीयत. कुणाला चुलीजवळ बूट आलेले खटकतात, कुणाला सामान जाळलेलं. एकाने तर तपासणी हवीच असं लिहिलंय.” हे सांगताना ती खुर्चीत पुढे सरकली होती.

आम्ही तेवढंच ठेवलं. मार्च ते मे 1897, एकच वृत्तपत्र, घरतपासणीवरची वाचकांची पत्रं. ती नाराज झाली. “एवढंसंच? मग टिळकांचं काय? सावित्रीबाई याच साथीत गेल्या, त्यांचं काय?” मी म्हटलं, ते सगळं पीएच.डी.ला ठेव. खरं तर पीएच.डी.लाही ते जास्तच होईल, पण त्या दिवशी तेवढं बोलले नाही.

दुसरी अडचण होती मार्गदर्शक सरांची. “सर उत्तरच देत नाहीत.” तिने पाठवलेले मेल पाहिले. ‘सर, वाचन चालू आहे. कृपया मार्गदर्शन करावे.’ हाताखाली डझनभर विद्यार्थी असलेल्या माणसाने यावर काय लिहावं? आम्ही ठरवलं की कच्ची का होईना, दोन पानं जोडायची आणि खाली दोनच प्रश्न विचारायचे: निनावी पत्रं घ्यावीत का, आणि संपादकाची टीप पत्राचा भाग धरावी का. कच्चं दाखवायची तिला भयंकर लाज वाटत होती. पहिल्या नंबराची सवय असलेल्यांना वाटतेच. दोन दिवसांनी सरांचं उत्तर आलं, आणि चांगलं लांबलचक आलं.

राहता राहिले बाबा. ‘यातून पुढं काय?’ हा त्यांचा प्रश्न रास्त होता आणि त्यावर गोड बोलून चालणार नव्हतं. कायम प्राध्यापकाच्या जागा थोड्या निघतात. नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा झालेली कितीतरी मुलं वर्षानुवर्षं सीएचबीवर, म्हणजे तासाच्या मानधनावर, शिकवतात. दुसऱ्या बाजूला, नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडे भत्ता. 2024 पासून नेटच्या गुणांवर पीएच.डी. प्रवेशाचाही वेगळा गट आहे. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या (फेलोशिप) त्या त्या समाजघटकांसाठी आहेत. हे सगळं तिने एका कागदावर मांडलं. शेवटी स्वतःच एक ओळ घातली: पीएच.डी. प्रवेश होऊन दोन वर्षांत कुठलीच फेलोशिप नाही मिळाली तर बी.एड. करून शाळेत. सुट्टीत गावी गेल्यावर तो कागद तिने दुकानाच्या काउंटरवर बाबांपुढे ठेवला. त्यांनी आकडे दोनदा वाचले आणि एवढंच विचारलं, “ह्ये पैसे दर म्हैन्याला येत्यात का थकत्यात?” थकतात कधीकधी, असं तिने खरं ते सांगितलं.

प्रकल्प वेळेत गेला. गुण चांगले पडले, पहिला नंबर आला नाही. नेटला जेआरएफ थोडक्यात हुकली, पीएच.डी.च्या गटात नाव आलं. नेटच्या पुढच्या फेरीचा फॉर्म भरलाय. मधल्या काळात एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासायचं काम करते. फोटोंचं फोल्डर अजून तसंच आहे म्हणे, फक्त ग्रंथालयात जाण्याआधी सकाळी तासभर लिहायला बसते.