पाऊस घाटावर, पूर मळीत

प्रश्न : आमचं गाव चिकोडी तालुक्यात, दूधगंगेच्या काठाला. गावात नुसती भुरभुर असते, तरी मळीतल्या (नदीकाठच्या रानातल्या) उसात पाणी शिरतं. असं का? जनावरं कधी हलवायची?

उत्तर : तुमच्या पुराचा पाऊस तुमच्या शिवारात पडतच नाही. अरबी समुद्रावरचे ढग सह्याद्रीला अडून वर चढतात, गार होतात आणि घाटमाथ्यावरच रिते होतात. कोयना, वारणा, पंचगंगा यांचं पाणी घेऊन कृष्णा शिरोळ तालुक्यातल्या राजापूर बंधाऱ्यावरून खाली येते. पुढे वेदगंगेला पोटात घेतलेली दूधगंगा तिला मिळते. कृष्णा तुडुंब असली की दूधगंगेला वाट मिळत नाही, पाणी मागे तुंबतं. हाच फुगवटा. त्याला ओढ नसते, म्हणून माणसं गाफील राहतात. पण ते गावामागच्या ओढ्यातून शिरून आधी रस्ता बंद करतं, घराकडे नंतर वळतं.

म्हणून आभाळ बघत बसू नका. कोयना आणि दूधगंगेवरचं काळम्मावाडी या धरणांचा विसर्ग आणि राजापूर बंधाऱ्यावरचा प्रवाह रोज बघा. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. १ लाख क्युसेक दिवसभर वाहिलं तर ८.६४ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी खाली येतं. तिन्ही आकडे एकदम चढू लागले की त्याच दिवशी जनावरं हलवा. लाइनमनकडून वीज तोडून घ्या, मग मोटर आणि स्टार्टर काढा. बुडालेली मोटर नुसती उन्हात ठेवून चालू केली की वाइंडिंग जळतं. आत ओल राहते. वाइंडरकडून वाळवून, मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या यंत्राने) तपासूनच जोडा.

प्रश्न : वळवात वीज पडून झाडाखालची जनावरंच जास्त का दगावतात? (खानापूर)

उत्तर : झाडावर पडलेली वीज मुळांवाटे जमिनीत पसरते आणि बुंध्यापासून दूर जाईल तसा तिचा दाब (व्होल्टेज) उतरत जातो. जनावराच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर मोठं, म्हणून दाबातला फरकही मोठा. प्रवाह थेट छातीतून जातो. माणसाने उघड्यावर आडवं झोपू नये ते याचसाठी. पाय जुळवून उकिडवं बसावं, तेही जवळ पक्कं घर नसेल तरच. लखलखाट आणि गडगडाट यांत ३० सेकंदांहून कमी वेळ गेला, तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका. वीज लागलेल्याला हात लावायला भिऊ नका, अंगात वीज उरत नाही. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला घ्या, मिनिटाला १०० ते १२० वेळा.