‘क्षणिक वेग’ लिहिणं बंद करा, आणि ‘सरासरी’ कुठनं आली ते बघा

एका ताईंचा प्रश्न आलाय. मुलगा अकरावीला, क्लासच्या नोट्समध्ये ‘क्षणिक वेग’, मैत्रिणीच्या मुलीच्या वहीत ‘तात्कालिक वेग’. बरोबर कुठलं, आणि सरासरी वेगापेक्षा तो वेगळा कसा?

ताई, तात्कालिक. क्षणिक हे मी इतक्या ठिकाणी ऐकतोय की आता कान किटले. क्षणिक म्हणजे क्षणभर टिकून जाणारं, क्षणिक सुख, क्षणिक राग. कागलकडं निघालेली गाडी काटा 60 वर धरून दहा मिनिटं पळाली तर त्यातल्या कुठल्याही क्षणी वेग 60च, मग त्यात क्षणिक काय राहिलं? तत् अधिक काल, त्या वेळचा, तो तात्कालिक. पेपरातला ‘तात्पुरता’ हा अर्थ इथं आणू नका.

पण खरा रत्नासारखा शब्द आहे सरासरी! फारसीत ‘सर’ म्हणजे डोकं, आपल्या शिर शब्दाचा सख्खा चुलतभाऊ, सरदार, सरकार, सरनोबत, सरपंच सगळ्यांत तोच बसलाय. सर-आ-सर म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. हिंदीवाले ‘सरासर झूठ’ म्हणतात ते हेच, टोकापासून टोकापर्यंत खोटं. आणि बरोबर हा शब्दसुद्धा याच साच्यातला, बर म्हणजे छाती, बर-आ-बर, छातीला छाती लावून उभे राहिलेले दोघं, म्हणजे समान. आपण दिवसातनं शंभरदा बरोबर म्हणतो आणि हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

आता बघा, सरासरी वेगाला नेमकी दोन टोकंच लागतात. कोल्हापूर ते पन्हाळा, टोकापासून टोकापर्यंत सरळ अंतर वीसेक किलोमीटर धरू, एसटीला 50 मिनिटं लागली धरा, झाला ताशी 24. शिवाजी पुलावर किती रखडली, वाघबीळच्या चढाला कितीवर आली, काही विचारायचं नाही. आणि त्याच रस्त्यानं परत स्टँडवर आलात तर दोन्ही टोकं एकच, मधलं सरळ अंतर शून्य, म्हणून सरासरी वेग शून्य, चाल (दिशा न बघता कापलेलं सगळं अंतर भागिले वेळ) मात्र शून्य नाही.

फारसी नको म्हणून काहीजण ‘मध्य वेग’ सुचवतात, ते मला अजिबात मान्य नाही. मध्य म्हटलं की पोरं मधला आकडा काढतात. पहिले 10 किलोमीटर ताशी 20नं, पुढचे 10 ताशी 60नं, पोरगं लगेच 40 लिहून मोकळं. अरे, पहिल्याला 30 मिनिटं लागली, दुसऱ्याला 10, एकूण 20 किलोमीटर 40 मिनिटांत, म्हणजे 30! टोकाकडं बघितलं असतं तर चुकला नसता. शब्द नीट असला की अर्धं गणित तिथंच सुटतं हे माझं ठाम मत आहे, शुद्धीवाल्यांनी कितीही डोळे वटारले तरी.

मध्य गती हा आपल्या ज्योतिषातला जुना शब्द आहेच, पण तो ग्रहांसाठी, तिथं तो शोभतो. आणि तात्कालिक हा कुणी इंग्रजीवरनं पाडलेला नवा शब्द नव्हे बरं का. भास्कराचार्यांनी 1150 साली सिद्धांतशिरोमणीत ‘तात्कालिकी’ गती सांगितलीय, न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी! आजच्या आणि उद्याच्या ग्रहाच्या जागेतलं अंतर ही दिवसाची गती, पण चंद्राची गती क्षणोक्षणी बदलते, म्हणून तिथी संपायची वेळ जवळ असेल तर त्याला तात्कालिक गती लावायची, लांबच्या पल्ल्याला दिवसाची. एवढं स्वच्छ सांगून ठेवलेलं असताना आपण क्षणिक कशाला लिहायचं?

हां, मुलाला तो वेग काढायचा कसा ते राहिलंच. मळ्यातल्या विहिरीत दगड सोडला, t सेकंदात तो 4.9t² मीटर खाली जातो. 1 सेकंदाला वेग किती? टोकं जवळ आणत जायची: 1 ते 1.5 मध्ये सरासरी 12.25, 1 ते 1.1 मध्ये 10.29, 1 ते 1.01 मध्ये 9.849. मागच्या बाजूनंही बघायचं, 0.9 ते 1 मध्ये 9.31. दोन्हीकडनं आकडे 9.8 ला येऊन भिडतात, तोच त्या वेळचा वेग, सेकंदाला 9.8 मीटर. दोन्ही टोकं एकच धरून भागाकार करायला गेला तर शून्य भागिले शून्य येतं, तेवढं त्याला आधीच सांगा.